आरोग्याच्या नोंदी : वहीतून मोबाईलकडे

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आजचे युग हे संगणकाचे युग आहे, हे वाक्य आपण शाळेतल्या निबंधापासून लिहीत आलो आहोत. दहावीला मीही ते लिहिले होते आणि त्याबद्दल मला गुणही मिळाले होते. परंतु हे युग आमच्या गावात नेमके कोणत्या दाराने शिरले असे कोणी विचारले, तर ते दवाखान्याच्या दाराने शिरले असेच मला सांगावे लागेल. शेताच्या पिकाची नोंद मोबाईलवर करण्याची ई-पीक पाहणी 2021 साली आली. त्याच्या कितीतरी आधी आमच्या घरात आरोग्याचा संगणक येऊन बसला होता. माझी आई कंधार तालुक्यातील एका लहान गावात आशा कार्यकर्ती आहे. ती आठवी शिकलेली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे तिच्या मोबाईलवरचे पुष्कळसे काम माझ्याकडे आले, आणि ह्या लेखातला बराचसा मजकूर पुस्तकांतून नव्हे तर त्या कामातून आलेला आहे.

नांदेडच्या किंवा लातूरच्या कोणत्याही मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात सकाळी नऊच्या सुमारास उभे राहून पाहावे. खेड्यातून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात एक कॅरीबॅग दिसेल. तिच्यात जुने केसपेपर, तालुक्याच्या डॉक्टरची चिठ्ठी, रक्ताच्या तपासणीचे कागद, गुंडाळी केलेला छातीचा फोटो, रेशनकार्ड आणि आधारकार्डाच्या चार झेरॉक्स. माणसाच्या आजाराचा सगळा इतिहास त्या एका पिशवीत. ती एसटीत विसरली की इतिहास संपला. माझ्या आजोबांचे छातीचे फोटो पावसाळ्यात पत्र्यातून गळलेल्या पाण्याने एकमेकांना चिकटले, तेव्हा तीच तपासणी पुन्हा पैसे भरून करावी लागली होती. ही पिशवी जावी आणि तिच्यातला मजकूर रुग्ण जाईल तेथे त्याच्या आधी पोहोचावा, एवढीच डिजिटल आरोग्यव्यवस्थेमागची मूळ कल्पना आहे. कल्पना चांगली आहे, हे आरंभीच मान्य करतो. कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचून मी संगणकाचा विरोधक आहे असा कोणाचा समज होऊ नये.

आपल्या देशातील ग्रामीण आरोग्यसेवेचा आराखडा 1946 च्या भोर समितीच्या अहवालातून आला. पुढे सपाट प्रदेशात तीस हजार आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्याखाली पाच हजार किंवा तीन हजारांना एक उपकेंद्र, असे प्रमाण ठरले. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारणपणे हजार लोकसंख्येमागे एक आशा आली. ह्या सगळ्या इमारतीचा पाया वही हा आहे. गरोदर मातांची वही, लसीकरणाची वही, जन्ममृत्यूची वही, साथीच्या रोगांची वही. नंतर ह्या वह्यांना एकेक संगणकीय भावंड जन्माला आले. क्षयरुग्णांसाठी 2012 मध्ये ‘निक्षय’ आले. माता आणि बालकांच्या नोंदींसाठी आरसीएच पोर्टल आले. करोनाच्या लसीसाठी जानेवारी 2021 मध्ये ‘कोविन’ आले, ते तर सर्वांनाच ठाऊक आहे. 15 ऑगस्ट 2020 रोजी राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा झाली, सहा केंद्रशासित प्रदेशांत ते प्रथम करून पाहण्यात आले आणि 27 सप्टेंबर 2021 रोजी ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ ह्या नावाने ते देशभर लागू झाले. त्यातूनच चौदा आकडी ‘आभा’ क्रमांक आला.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे, कारण तो सुशिक्षितांतही आढळतो. आभा कार्ड आणि आयुष्मान कार्ड ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयुष्मान कार्डावर पात्र कुटुंबाला ठरावीक रकमेपर्यंत मोफत उपचार मिळतात. आभा कार्डावर एक रुपयाही मिळत नाही. तो केवळ एक क्रमांक आहे. त्या क्रमांकाने तुमचे निरनिराळ्या दवाखान्यांतले कागद एका सूत्रात ओवले जातात. कागद ज्या दवाखान्याने तयार केले त्याच्याकडेच राहतात आणि तुम्ही संमती दिली तरच दुसऱ्या डॉक्टरला ते पाहता येतात, अशी त्याची रचना आहे. आमच्या गावात मात्र आभा काढून घेतलेले लोक ते कार्ड लॅमिनेट करून दवाखान्यात दाखवतात आणि बिल मागितले की आईच्या नावाने बोटे मोडतात. त्यांचेही काय चुकले? त्यांना कार्ड देताना कोणी एवढे समजावून सांगितले होते?

आमच्या नांदेड जिल्ह्याचा ह्या इतिहासात एक विशेष आहे. राज्य शासनाने 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली ती प्रथम आठ जिल्ह्यांत, आणि त्या आठांत नांदेड होते. लातूरसह उर्वरित महाराष्ट्राला ती नोव्हेंबर 2013 मध्ये मिळाली. तीच पुढे 2017 मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. आंध्रातील ‘आरोग्यश्री’च्या धर्तीवरची ही योजना प्रथमपासूनच संगणकावर चालणारी होती. रुग्ण आला की दवाखान्यातला आरोग्यमित्र त्याचे रेशनकार्ड पडताळतो, डॉक्टर आजाराचे कागद संगणकावरून पाठवतात, तिकडून मंजुरी येते, मग शस्त्रक्रिया होते आणि दवाखान्याला पैसेही त्याच मार्गाने मिळतात. रोख पैशाचा व्यवहार नाही. पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डाच्या माणसाला हृदयाची शस्त्रक्रिया मोफत मिळू शकते, हे बारा-पंधरा वर्षांपूर्वी आमच्याकडे कोणाला खरे वाटले नसते. ही गोष्ट संगणकाशिवाय घडली नसती, हे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे.

परंतु त्याच खिडकीवर मी नावांची भांडणेही पाहिली आहेत. आमच्या चुलतीचे नाव लक्ष्मी. इंग्रजीत ते रेशनकार्डावर एक्स घालून लिहिले आहे, आधारकार्डावर के-एस-एच घालून. एका कागदावर नवऱ्याचे नाव मधे आहे, दुसऱ्यावर वडिलांचे. बाईचे लग्न झाले की आपल्याकडे तिचे नाव बदलते, क्वचित पहिले नावही बदलते. पण यंत्राला त्या दोन निरनिराळ्या बायका वाटतात. जन्मतारखेचे तर विचारूच नका. जन्माचा दाखला नसला आणि वय अंदाजाने सांगितले की आधारकार्डावर 1 जानेवारी ही तारीख पडते. त्यामुळे आमच्या गावात म्हाताऱ्या माणसांचा वाढदिवस सामुदायिकरीत्या नववर्षदिनी येतो. ही थट्टा झाली. पण नाव सारखे, आडनाव सारखे, गाव सारखे आणि जन्मतारीखही सारखी अशा दोन माणसांपैकी साखरेचा आजार कोणाला आणि रक्तदाब कोणाला, हे यंत्राने कसे ओळखावे?

तर म्हणतील, अंगठा लावा. आधारचे पहिले क्रमांक सप्टेंबर 2010 मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी वाटले गेले. म्हणजे ह्या यंत्राला मराठी खेडे नवे नाही. पण जन्मभर कोयता, खुरपे आणि विटा ह्यांनी झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. मग ओटीपी. ओटीपी ज्या मोबाईलवर येतो तो पुण्याला कामाला गेलेल्या मुलाच्या खिशात असतो. तो कामावर फोन उचलत नाही. म्हातारी खिडकीपाशी उभीच.

आता आईच्या कामाकडे वळतो. तिच्याकडे तीस वर्षांवरील प्रत्येक माणसाचा ‘सीबॅक’ अर्ज असतो. त्यात कमरेचा घेर, तंबाखू, घरात कोणाला मधुमेह आहे काय, असे प्रश्न असतात. हा अर्ज ती घरोघर जाऊन कागदावर भरते आणि रात्री तोच मोबाईलवर भरला जातो. गरोदर मातांची यादी वहीत, तीच पुन्हा व्हॉट्सॲपवर, तीच सिस्टरकडून पोर्टलवर. म्हणजे वही गेली नाहीच, तिच्या डोक्यावर मोबाईल बसला. आढावा बैठकीत दोन्ही मागतात. मोबाईल का भरला नाही म्हणून विचारणा होते, आणि तो भरला असेल तर वही का अपुरी म्हणून. आमच्या घरात रेंज नाही. ती मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर आहे. त्यामुळे रात्री नऊनंतर आम्ही मायलेक देवळात बसून गावाचे आरोग्य भरत असू. जाणारा येणारा विचारी, “कामून बसलाव माय-लेकरं एवढ्या रातीचं?” आई म्हणे, “सरकारचा अभ्यास चाललाय.”

हे एकट्या माझ्या आईचे दुःख नव्हे. अंगणवाडीसेविकांना पोषणाच्या नोंदींसाठी शासनाने मोबाईल दिले होते. ते कमी क्षमतेचे निघाले, तापू लागले, बंद पडू लागले. त्यातच 2021 साली आलेल्या ‘पोषण ट्रॅकर’मध्ये माहिती इंग्रजीत भरावी लागे. शेवटी त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभर हजारो सेविकांनी ते मोबाईल कार्यालयांत नेऊन परत केले. पुढे ऑक्टोबर 2023 मध्ये आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या, तेव्हा मानधनवाढीबरोबरच ऑनलाइन कामाच्या सक्तीचा प्रश्नही त्यांनी मांडला होता. वर्तमानपत्रांतून काही जणांनी ह्या बायकांना तंत्रज्ञानाची भीती वाटते असे लिहिले. मला ते पटत नाही. ह्याच बायका मुलांशी व्हिडिओवर बोलतात, भिशीचा हिशेब मोबाईलवर ठेवतात. ज्या यंत्रात त्यांचे काम कमी होते ते यंत्र त्या दोन दिवसांत शिकतात.

उपकेंद्रात आता ‘ई-संजीवनी’वरून दूरच्या डॉक्टरशी बोलण्याची सोय आहे. ही सेवा 2019 च्या अखेरीस सुरू झाली आणि करोनाच्या काळात फार उपयोगी पडली. आजीला मी तेथे नेले होते. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी जोडणी करून दिली, डॉक्टर पडद्यावर आले, मधेच गोठले, पुन्हा आले आणि गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी आजीला गुणही आला. तरी ती म्हणते, “हात लावल्याबगर कसला डॉक्टर?” आजीचे म्हणणे सर्वस्वी खरे नाही. किनवट-माहूरच्या पाड्यावरून नांदेडला यायला लागणारा दिवस आणि बुडणारी मजुरी हिशेबात घेतली तर पडद्यावरचा डॉक्टर नसल्यापेक्षा पुष्कळ बरा. पण ज्या दिवशी रेंज नसते त्या दिवशी तोही नसतो.

आता मी ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहायला घेतला तो सांगतो. तो माझ्या चुकीचा आहे.

आमच्या कंधार-मुखेड भागातून, तसेच लातूर जिल्ह्यातील जळकोटकडून, दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात पाच-सहा महिने कोपीत काढायचे. त्यात गरोदर बायका असतातच. त्यांची नोंद आमच्या गावात आणि त्या मात्र तीनशे किलोमीटरवर. डिजिटल नोंदीचा सर्वांत जास्त उपयोग कोणाला व्हावा असे मला विचाराल तर मी ह्या बायांकडे बोट दाखवीन.

अशाच एका वहिनींची नोंद दोन वर्षांपूर्वी आईने केली. शेवटच्या पाळीची तारीख 12 मे. वहीत आईने तेच लिहिले. यादी मोबाईलवर मी भरली आणि मेच्या जागी जून भरला. परीक्षा जवळ होती, घाई होती. अर्थात हे निमित्त झाले. माझ्या यादीवरून ती तारीख पोर्टलवर गेली आणि तेथून बाईच्या माता-बाल संरक्षण कार्डावरही तीच उतरली. त्यामुळे बाळंतपणाची अपेक्षित तारीख 19 फेब्रुवारीऐवजी 19 मार्च झाली. वहिनी टोळीबरोबर गेल्या. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एका रात्री फडावर त्यांच्या पोटात कळा सुरू झाल्या. ट्रॅक्टरवरून जवळच्या दवाखान्यात नेले. तेथे कार्ड पाहिले तर आठवा महिना. अपुऱ्या दिवसांचे मूल, काचेच्या पेटीची सोय नाही, मोठ्या शहरात हलवा असे ठरले. वहिनी सांगत होत्या की माझे दिवस भरलेत. पण त्यांचे तोंडचे बोलणे आणि छापील तारीख ह्यांत तारखेलाच वजन येणार. गाडीची शोधाशोध चालू असताना तेथील एका सिस्टरने कार्डावर लिहिलेल्या आशाच्या नंबरावर फोन लावला. रात्रीचे साडेअकरा. आईने ट्रंकेतून वही काढली, विजेच्या दिव्याखाली धरली आणि तारीख वाचून दाखवली. त्या सिस्टरने विश्वास ठेवला. दीड तासाने तेथेच मुलगी झाली. वजन अडीच किलोच्या वर. वाटेत गाडीत झाली असती तर काय झाले असते, ह्याचा विचार मी करीत नाही असे नाही.

मी त्या रविवारी वसतिगृहातून घरी गेलो तेव्हा आईने एवढेच विचारले, “तू कोणती तारीख टाकली होतीस रे?” आणि वही माझ्यापुढे ठेवली.

ह्या प्रसंगातून माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी की, नोंद पोर्टलवर होती, पण त्या दवाखान्यात ती कोणी उघडून पाहिली नाही. नोंदीतली चूक मात्र कार्डावर बसून तीनशे किलोमीटर जाऊन पोहोचली. कागदावरची चूक एका वहीत राहते. संगणकात पडलेली चूक खरी समजली जाते, कारण ती छापून येते. आणि ती दुरुस्त करायला मी गेलो तेव्हा आशाला तो अधिकार नाही, सिस्टरने करायचे, सिस्टरच्या पडद्यावर ते कलम बंद झालेले, वरून उघडून घ्यावे लागेल, असे कळले. मूल तीन महिन्यांचे होईपर्यंत ती तारीख तशीच होती.

दुसरी एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो. एकोणीस वर्षांच्या मुलाला गावातल्या कोणत्या बाईची पाळी कधी चुकली, कोणाचे मूल पडले, कोणाला क्षय आहे, हे ठाऊक असणे बरोबर आहे काय? मला ते ठाऊक होते, कारण याद्या मीच भरीत असे. त्या बायांनी माहिती माझ्या आईला दिली होती, मला नव्हे. रस्त्यात त्या समोर आल्या की मी मान खाली घालीत असे. वहीच्या पानांचे फोटो काढून ते गटावर टाकण्याची पद्धत आहे. त्या गटात किती माणसे, त्यांचे मोबाईल घरी कोण कोण हाताळते, देव जाणे. ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. 2023 साली डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. त्या कायद्यात संमतीला मोठे महत्त्व आहे. पण आमच्याकडे संमती म्हणजे पडद्यावरच्या इंग्रजी परिच्छेदाखालच्या चौकोनावर मी मारलेली टिचकी. आमच्या शेजारच्या क्षयरुग्णाने खात्यावर पोषण आहाराचे पैसे मिळतात हे माहीत असूनही नाव नोंदवायला महिनाभर टाळाटाळ केली. मुलीचे लग्न ठरायचे होते. त्याची भीती यंत्राची नव्हती, गावाची होती.

मोठ्या ठिकाणी काय घडते तेही पाहण्यासारखे आहे. दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील संगणकांवर 23 नोव्हेंबर 2022 रोजी हल्ला झाला आणि सुमारे दोन आठवडे तेथे पुन्हा कागदावर कारभार करावा लागला. इंग्लंडने 2002 साली साऱ्या देशाच्या रुग्णनोंदी एका व्यवस्थेत आणण्याचा प्रचंड खर्चाचा कार्यक्रम हाती घेतला. वरून ठरवले, खालच्या डॉक्टरांना विचारले नाही, आणि 2011 मध्ये तो मोडीत काढावा लागला. उलट एस्टोनिया ह्या चिमुकल्या देशात 2008 पासून ही व्यवस्था सुरळीत चालते, आणि आपली नोंद कोणी कोणी उघडून पाहिली हे तेथे रुग्णाला स्वतःला पाहता येते. हा शेवटचा भाग मला फार आवडला.

नांदेडच्या वाचकाला ह्या विषयावर लिहिताना ऑक्टोबर 2023 विसरता येणार नाही. विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात 24 तासांत 24 आणि 48 तासांत 31 रुग्ण दगावले. त्यांत नवजात अर्भके पुष्कळ होती. औषधे नव्हती असा आरोप झाला, प्रशासनाने तो नाकारला, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्याच्या खोलात जाण्याचा माझा अधिकार नाही. पण त्या आठवड्यात औषधखरेदीच्या आणि रिक्त पदांच्या बातम्या वाचताना मनात येई की औषधसाठ्यासाठी ‘ई-औषधी’ आहे, रुग्णांसाठी आभा आहे, पण पडद्यावर शून्य दिसल्यावर ते भरून काढायला माणूस आणि पैसा लागतोच. रिकाम्या खुर्चीला लॉगिन देऊन डॉक्टर तयार होत नाही.

माझ्या अल्प अनुभवावरून एवढे म्हणतो की, मोबाईल द्यायचा तर वही काढून घ्यावी किंवा वहीच मोबाईलने वाचावी. रेंज नसताना भरता यावे आणि देवळाच्या ओट्यावर आल्यावर आपोआप जावे. प्रश्न मराठीत असावेत, पण ‘असंसर्गजन्य’सारख्या मराठीत नव्हे. आई ‘साखर आणि बीपी’ म्हणते आणि तेवढ्याने गावाला कळते. ज्याने नोंद केली त्याला आपली चूक सुधारता यावी. आणि टोळीबरोबर बाई गेली की तिची नोंद कारखान्याच्या हद्दीतल्या सिस्टरला दिसावी. ह्यात अशक्य असे काय आहे? एका गावचे पैसे दुसऱ्या गावच्या बँकेत दिसतातच ना?

यंदा दसऱ्याच्या आधी आईने टोळीबरोबर जाणाऱ्या चार गरोदर बायांना घरी बोलावले. प्रत्येकीच्या कार्डावरची तारीख मी मोठ्याने वाचली, आईने वहीतल्या ओळीवर बोट ठेवून ती पडताळली आणि बाईने स्वतः ‘व्हय’ म्हटले. मग पोर्टलवरचा क्रमांक आणि आईचा नंबर मी कार्डाच्या मागे जाड पेनाने लिहिला, आणि तोच मुकादमाच्या डायरीतही लिहून घ्यायला लावला. कार्डे प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून दिली. चौघींपैकी एकीने जाताना पिशवी उघडून कार्ड बाहेर काढले, तारीख पुन्हा एकदा माझ्याकडून वाचून घेतली आणि ते पदराच्या टोकाला बांधले.